चौदाव्या चालीपर्यंत

मराठी समीक्षेत 'स्वतंत्र' या विशेषणाला जो मान आहे तो क्वचितच दुसऱ्या एखाद्या विशेषणाच्या वाट्याला आला असेल. कविता स्वतंत्र असावी, प्रतिभा स्वतंत्र असावी, निदान समीक्षकाची दृष्टी तरी स्वतंत्र असावी, अशी आपली अपेक्षा असते. आणि 'प्रभाव', 'अनुकरण', 'उसनवारी' हे शब्द आपण आरोपपत्रातील कलमांसारखे वापरतो. बुद्धिबळाच्या जगात मात्र याच्या अगदी उलट रीत आहे. तेथे मोठ्या खेळाडूंच्या डावातील पहिल्या दहा-पंधरा चाली बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी असतात आणि त्यांचे श्रेय उघडपणे, नावानिशी दिलेले असते. हा बचाव अमक्याचा, ही शाखा तमक्या शहराची, ही सुधारणा त्या विसरल्या गेलेल्या खेळाडूची, असे डावाखालच्या टिपणांत लिहिलेले असते आणि त्यामुळे कोणाचा डाव हलका ठरत नाही. ज्याला सगळीकडे 'ओपनिंग' म्हणतात तो डावाचा प्रारंभ ही एक सामाईक शेती आहे. तिच्यात कैक पिढ्यांनी नांगर धरला आहे.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाला बुद्धिबळ वडिलांनी शिकवले. दुसऱ्याने ते चाळिशीनंतर, विभागातल्या मोकळ्या तासांना, पहिल्याकडून शिकून घेतले. साहजिकच पटापेक्षा पटाभोवतीच्या गप्पाच अधिक होतात. या गप्पांत एक वाद गेली काही वर्षे सारखा डोके वर काढतो. विद्यार्थ्याला कवितेचे आधीचे वाचन, म्हणजे मान्य झालेले अर्थ, समीक्षकांची मते, संप्रदायाचा इतिहास, हे सारे किती द्यावे? एकाचे म्हणणे असे की, ते भरपूर द्यावे, कारण त्यावाचून विद्यार्थी उघड्या माळावर उभा राहतो. दुसऱ्याचे म्हणणे असे की, ते देताच विद्यार्थी वाचायचा थांबतो. हा वाद आम्ही तत्त्वाच्या पातळीवर पुष्कळदा केला आणि तो पुष्कळदा जेथल्या तेथेच राहिला. थोडा हलला तो एका डावामुळे. १९७२ सालच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातील सहावा डाव आम्ही काही आठवडे पुन्हा पुन्हा मांडून पाहिला, एखादी संहिता वाचावी तसा वाचला. त्या वाचनाचा हा वृत्तांत आहे. बुद्धिबळ न येणाऱ्या वाचकांनी चालींपाशी अडखळू नये. प्रत्येक चालीचा हेतू आम्ही साध्या शब्दांत सांगणार आहोत.

सामना आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविक येथे, ११ जुलै १९७२ रोजी सुरू झाला. जगज्जेता होता सोव्हिएत संघाचा बोरिस स्पास्की, वय ३५. आव्हानवीर होता अमेरिकेचा बॉबी फिशर, वय २९. १९४८ पासून हे पद सोव्हिएत खेळाडूंच्याच हाती राहिले होते, आणि या सामन्यापूर्वी फिशरने स्पास्कीला एकदाही हरवलेले नव्हते. पहिला डाव फिशर हरला. कॅमेऱ्यांच्या तक्रारीवरून दुसऱ्या डावाला तो आलाच नाही आणि तोही त्याच्या नावावर पराभव म्हणून लागला. तिसरा डाव त्याच्या हट्टापायी प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एका खोलीत झाला. तो फिशरने जिंकला. चौथा बरोबरीत सुटला, पाचवा पुन्हा फिशरने जिंकला. २३ जुलै रोजी, रविवारी, सहावा डाव सुरू झाला तेव्हा दोघांचे गुण समान होते, प्रत्येकी अडीच. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत जगभरच्या वर्तमानपत्रांनी हा सामना दोन महासत्तांच्या झुंजीसारखा रंगवला. ते वाचन त्या काळाचे होते. आम्हांला येथे केवळ पटावर काय घडले तेवढेच पाहायचे आहे.

या सामन्यात पांढऱ्या मोहऱ्यांनी फिशर प्रत्यक्ष खेळला असा हा त्याचा दुसराच डाव. पांढऱ्या मोहऱ्यांनी तो जवळजवळ नेहमीच राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे सारून सुरुवात करी. हीच सर्वोत्तम पहिली चाल आहे, असे त्याचे जाहीर मत होते. एखाद्या कवीने आयुष्यभर एकच छंद चालवावा आणि इतर छंदांविषयी फारसे बरे बोलू नये, तशी ही निष्ठा होती. थोडे अपवाद होते, पण ते अपवादच. स्पास्की आणि त्याचे सहकारी तयारी करून आले होते ती या फिशरची.

त्या दिवशी फिशरने राजापुढच्या प्याद्याला हात लावला नाही. वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे त्याने दोन घरे पुढे टाकले. पाठोपाठ दोन्ही बाजूंच्या दोन-दोन चाली झाल्या आणि तिसऱ्या चालीला पटावर जी मांडणी उभी राहिली ती वेगळ्याच घराण्याची निघाली: क्वीन्स गँबिट, तोही नाकारलेला. गँबिट म्हणजे पुढच्या लाभाकडे पाहून प्यादे देऊ करणे. २०२० मधील मालिकेमुळे हे नाव आता बुद्धिबळ न खेळणाऱ्यांनाही ठाऊक झाले आहे. पण ही सुरुवात पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या हस्तलिखितात आढळते, म्हणजे एकनाथांच्या जन्माच्याही आधीची आहे. आडवाटेने चालत येऊन माणूस हमरस्त्याला लागावा तसे येथे झाले. बुद्धिबळात याला एक साधा नियम आहे: कोणत्या क्रमाने आलात हे पट विचारत नाही, कोठे पोहोचलात एवढेच तो पाहतो. वाचकाला मात्र क्रम दिसतो. ज्याने ही सुरुवात गंभीर स्पर्धेत पांढऱ्या बाजूने चालवलेली नव्हती, त्याने ती नेमकी या सामन्यात, नेमक्या या प्रतिस्पर्ध्यापुढे मांडली, हे वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.

स्पास्की गडबडला नाही. त्याच्याकडे या सुरुवातीला उत्तर होते आणि ते त्याच्या विश्वासातले होते. काळ्याच्या या बचावाला पश्चिमेत तार्ताकोवरचे नाव आहे. साविएली तार्ताकोवर (१८८७–१९५६) हा रशियात जन्मलेला, पोलंडकडून आणि पुढे फ्रान्सकडून खेळलेला, लेखणीही तितकीच धारदार असलेला खेळाडू. रशियन परंपरेत याच बचावाला आणखी दोन नावे जोडली जातात, माकोगोनोव आणि बोंदारेव्स्की. यातले तिसरे नाव महत्त्वाचे आहे. इगोर बोंदारेव्स्की हे स्पास्कीचे गुरू. १९६९ मध्ये स्पास्की जगज्जेता झाला तो त्यांच्या मार्गदर्शनाखाली. १९७२ मध्ये ते त्याच्यासोबत रेक्याविकला नव्हते. गुरू नाही, पण गुरूची बंदिश आहे, अशी ती स्थिती होती.

या बचावाचा गाभा सांगायला सोपा आहे. नाकारलेल्या क्वीन्स गँबिटमध्ये काळ्याचा एक उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून त्या उंटाला मोकळी वाट करून द्यायची, हा यातला विचार. फिशरने त्याला जे उत्तर दिले तेही जुनेच होते: मध्यावरची अदलाबदल लवकर उरकायची, मोहरे कमी करायचे, आणि मग काळ्याच्या मधल्या प्याद्यांकडे निवांतपणे वळायचे. वजीर एका बाजूने ए-३ या घरावर आला आणि तिरक्या रेषेतून काळ्याच्या प्याद्यावर नजर रोखून बसला. येथवर दोघेही पाठ केलेले म्हणत होते. तेरा चाली झाल्या आणि एकही नवा शब्द उच्चारला गेला नाही.

चौदाव्या चालीला फिशरने पांढरा उंट बी-५ या घरावर नेला. प्रथमदर्शनी ही चाल विचित्र दिसते. प्याद्याने हुसकावून लावता येईल अशा ठिकाणी उंट जाऊन उभा राहतो. पण ते प्यादे त्याला मारू शकत नाही, कारण मारले तर त्यामागचा हत्ती पांढऱ्या वजिराच्या तोंडी जातो. म्हणजे काळ्याला उंट हाकलायचा तर आधी हत्ती हलवावा लागतो, आणि हे करता करता त्याच्या वजिराकडच्या बाजूची घडी विस्कटते. ही चालही फिशरची नव्हती. लेनिनग्राडचे सेम्यॉन फुरमन हे तिचे जनक. १९७० साली त्यांनी ती येफिम गेलर यांच्याविरुद्ध खेळलेली होती. फिशर सोव्हिएत बुद्धिबळाचे वाङ्मय मुळातून वाचण्यापुरते रशियन शिकला होता. त्यांच्याच नियतकालिकांतून, त्यांच्याच डावांतून त्याने आपली विद्या मिळवली होती. ज्या देशाशी तो लढत होता त्या देशाचा त्याच्याइतका निष्ठावंत वाचक अमेरिकेत दुसरा नसावा.

गोष्ट येथेच थांबली असती तरी ती पुरेशी होती. पण तिला पुढचा पदर आहे. ज्या गेलर यांच्याविरुद्ध ही चाल पूर्वी खेळली गेली, ते येफिम गेलर १९७२ मध्ये स्पास्कीचे सहायक म्हणून रेक्याविकमध्येच होते. या चालीला नेमके उत्तर काय, हे शोधणारा माणूस स्पास्कीच्या गोटातच होता. ते उत्तर म्हणजे वजीर बाजूला सरकवून बी-७ वर आणणे: नजरेच्या रेषेतून आपण बाजूला व्हायचे. गेलर यांनी ते सामन्यापूर्वीच स्पास्कीला दाखवले होते आणि ऐन वेळी त्याला आठवले नाही, असे बुद्धिबळाच्या वाङ्मयात सांगितले जाते. त्या दिवशी स्पास्कीने उंटाला हाकलण्यासाठी प्यादे सरकवले, हे मात्र पटावरचे सत्य आहे. पुढल्याच वर्षी, १९७३ मध्ये, हिल्व्हरसम येथे यान टिमन यांनी गेलर यांच्याविरुद्ध हीच वाट धरली. गेलर यांनी वजीर बी-७ वर नेला आणि डाव जिंकला.

या ठिकाणी आम्ही पट तसाच ठेवून बराच वेळ वाद घातला. आमच्यापैकी जो पाठांतराच्या विरुद्ध आहे तो म्हणाला, बघा, दिलेले ज्ञान हे असे असते. गुरूने सांगितले, शिष्याने ऐकले, आणि परीक्षेत ते आलेच नाही. दुसरा म्हणाला, उलट फिशरकडे पाहा. तोही पाठ केलेलेच खेळत होता आणि त्याला सगळे आठवत होते. दोघांचेही खरे होते आणि त्यामुळे वाद पुढे सरकेना. मग आम्ही पुढच्या चाली लावल्या.

सतराव्या चालीला पांढऱ्या उंटाने माघार घेतली. काम करून तो परत आला होता. अठराव्या चालीला पांढरा घोडा पटाच्या मध्यावर येऊन उभा राहिला आणि एकोणिसाव्या चालीला त्याने काळ्याचा तो उंट टिपला, ज्याच्या सुटकेसाठी हा सगळा बचाव रचला गेला होता. येथपासून पट हळूहळू फिशरचा होत जातो. काळ्याची दोन प्यादी मध्यावर शेजारी-शेजारी उभी आहेत. उंट टिपला जाईपर्यंत त्यांच्या दोन्ही बाजूंना आधाराचे प्यादे नव्हते. बुद्धिबळात यांना लटकती प्यादी म्हणतात. अशी प्यादी मजबूत की दुबळी, हे त्यांच्या हालचालीवर ठरते: चालती राहिली तर ती ताकद, थांबली तर ओझे. विसाव्या चालीला फिशरने राजापुढचे प्यादे ई-४ वर नेले आणि त्या जोडीला प्रश्न विचारला. आयुष्यभर जे प्यादे तो पहिल्या चालीला ज्या घरावर नेत आला, त्याच घरावर ते येथे विसाव्या चालीला, दोन टप्प्यांनी, पोहोचले. हा योगायोग असेल. पण आमच्यासारख्या वाङ्मयाच्या माणसांना तो सोडवत नाही.

स्पास्कीने त्या प्रश्नाला बगल दिली. आपले एक प्यादे पुढे रेटले. जोडी जागच्या जागी गोठली. पांढऱ्या उंटाला सी-४ हे भक्कम घर मिळाले आणि तेथून तो थेट काळ्या राजाच्या दिशेने पाहू लागला. फिशरची प्यादी एकामागून एक पुढे आली, हत्ती खुल्या रांगेत शिरले. आणि मग या डावातला, आमच्या मते, सर्वांत विलक्षण भाग येतो. बत्तिसाव्या चालीपासून छत्तिसाव्या चालीपर्यंत सलग पाच चाली स्पास्की केवळ आपला वजीर दोन शेजारच्या घरांत हलवत राहतो: ई-८, डी-८, ई-८, डी-८, ई-८. पटावरचा सर्वांत बलाढ्य मोहरा, आणि तो खोलीत येरझारा घालणाऱ्या माणसासारखा चालतो आहे. दुसरे काही हलवले तर काही तरी कोसळेल. इकडे फिशर घाई करत नाही. एक प्यादे किंचित सरकव, एक हत्ती दुसऱ्याच्या मागे नीट लाव, उंट जरा मागे घे. आपल्याकडे शोकात्मिकेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. अटळपणा म्हणजे काय हे विद्यार्थ्याला सांगायचे झाले तर आता आम्ही या पाच चालींचा दाखला देऊ.

अडतिसाव्या चालीला फिशरने हत्ती देऊन घोडा घेतला. तो उघड तोट्याचा सौदा होता आणि तोच निर्णायक ठरला. काळ्या राजापुढची भिंत पडली. एकेचाळिसाव्या चालीला पांढरा वजीर एफ-४ वर आला आणि स्पास्कीने पराभव मान्य केला. सामन्यात प्रथमच फिशर आघाडीवर गेला.

त्यानंतर जे घडले ते पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांत जगज्जेताही सामील झाला. आपल्याला हरवणाऱ्या डावाला स्पास्कीने उभे राहून दाद दिली. फिशर सहसा कोणाविषयी चांगले बोलणारा नव्हता. पण या प्रसंगाने तो हलून गेला.

भारतीय काव्यशास्त्राने 'सहृदय' हा शब्द ज्या अर्थाने वापरला तो आम्ही वर्गात दर वर्षी समजावून सांगतो: ज्याचे मन काव्याच्या अभ्यासाने आरशासारखे स्वच्छ झाले आहे, जो वर्ण्यविषयाशी तन्मय होऊ शकतो, तो सहृदय. उदाहरण कोणते द्यावे हे मात्र नेहमी अडते. स्पास्कीची ती टाळी हे आम्हांला सापडलेले उत्तम उदाहरण आहे. त्या सभागृहात त्या डावाचा त्याच्याइतका अधिकारी वाचक कोणी नव्हता, कारण त्याची प्रत्येक ओळ त्याच्या अंगावर लिहिली गेली होती. आणि तरीही, स्वतःच्या हानीपलीकडे जाऊन, त्याला त्या रचनेची सुसंगती दिसली. 'अभ्यासाने स्वच्छ झालेले मन' या शब्दांतला 'अभ्यास' कोणता, तेही येथे कळते. ती सारी सुरुवात, तार्ताकोवरपासून फुरमनपर्यंतची, स्पास्कीला ठाऊक होती. म्हणूनच तिच्यात फिशरने स्वतःचे काय मिळवले हे त्याला ओळखता आले. ज्याला परंपरा माहीत नाही त्याला त्या डावातले सगळेच नवे वाटले असते, म्हणजे काहीच नवे वाटले नसते.

आता आमच्या वादाकडे. या डावाच्या वाचनाच्या सुमारास आम्ही एका परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. बालकवींच्या 'औदुंबर' या कवितेवर प्रश्न होता. आठ ओळींची कविता, आणि तिच्यावर मराठीत केवढे लिहिले गेले आहे! झाड म्हणजे कोण, विरक्त योगी की उदास कवी की निसर्गातले नुसते झाड, यावर पिढ्यान् पिढ्या चर्चा झाली. गठ्ठ्यातल्या बहुतेक उत्तरांचे पहिले दोन परिच्छेद शब्दशः एकच होते. कोणत्या तरी गाईडमधून ते सगळ्यांनी उचललेले होते. एका मुलीच्या उत्तरातही तेच दोन परिच्छेद होते. पण तिसऱ्या परिच्छेदाची सुरुवात तिने 'पण' या शब्दाने केली होती आणि पुढे लिहिले होते की, या कवितेत गाव आहे, पायवाट आहे, मात्र त्या वाटेवरून चालणारे माणूस कोठेच नाही. साऱ्या कवितेत पाय आहेत ते एकट्या झाडाला. एवढेच. पुढे तिचे उत्तर संपले होते, बहुधा वेळ संपला होता.

आमच्यापैकी एकाने म्हटले, पहिल्या दोन परिच्छेदांचे गुण देता येणार नाहीत, ते तिचे नाहीत. दुसऱ्याने म्हटले, तो तिसरा परिच्छेद त्या दोहोंच्या खांद्यावरच उभा आहे. सगळे जण झाडाकडे पाहत आले हे तिला त्या उसन्या मजकुरातून कळले, म्हणून तर तिची नजर वाटेकडे वळली. बऱ्याच बोलण्यानंतर दोघांनाही जे मान्य झाले ते असे: तिचे ते 'पण' ही विसावी चाल होती, आणि चौदावीवाचून विसावी येत नाही. इतरांच्या उत्तरांत चौदावी चाल होती आणि डाव तेथेच संपत होता. म्हणजे दोष उसनवारीचा नव्हता. उसने घेतलेले जेथे संपते तेथे काय होते, हा खरा प्रश्न होता. तिला आम्ही मनापासून गुण दिले. पण उरलेल्या गठ्ठ्याचे काय, या प्रश्नाने आमची झोप थोडी कमी केली हेही खरे. ती सारी मुले स्पास्कीच्या जागी होती: उत्तर कोणी तरी दाखवलेले, हाती मात्र न आलेले.

आपल्या परंपरेत या पेचाचे एक फार मोठे उदाहरण आहे. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या अखेरीस, आपण व्यासांच्या मागून आणि पूर्वीच्या भाष्यकारांच्या आधाराने चाललो, अशी नम्र कबुली दिलेली आहे. मूळ ग्रंथ दुसऱ्याचा, अध्यायांचा क्रम ठरलेला, श्लोकांचे अर्थ लावणारे आचार्य आधी होऊन गेलेले. इतकी बांधलेली सुरुवात क्वचितच कोणा कवीला मिळाली असेल. आणि तरीही कोणत्याही श्लोकापाशी थांबून पाहावे, श्लोक संपतो आणि त्यांचे दृष्टान्त सुरू होतात त्या सीमेवर एक वेगळाच कवी उभा असतो. त्यांनी विचारलेली वाट आणि त्यांनी चाललेली वाट यांत अंतर पडले, ते विचारल्यामुळेच पडले.

फिशरचा पुढला प्रवास दुःखद आहे. जगज्जेतेपद त्याने १२½–८½ अशा गुणांनी जिंकले, १९७५ मध्ये ते न खेळताच गमावले, आणि वीस वर्षे तो स्पर्धेत उतरला नाही. उत्तरायुष्यात त्याने ज्यूंविषयी आणि स्वतःच्या देशाविषयी जे द्वेषाचे उद्गार काढले त्यांचे समर्थन कोणी करू नये. कलावंताच्या कृतीवर प्रेम करताना तेवढे भान ठेवावेच लागते. पण बुद्धिबळापुरता त्याचा एक विचार येथे लक्षात घ्यायला हवा. १९९६ मध्ये, ब्युनोस आयर्स येथे, त्याने खेळाचे एक नवे रूप जाहीर केले. त्यात मागच्या रांगेतले मोहरे प्रत्येक डावाला वेगळ्या क्रमाने मांडायचे. असे ९६० क्रम संभवतात. पाठांतराने खेळ मारला आहे, तेव्हा पाठ करण्यासारखे काही उरूच नये, असा त्यामागचा विचार. ज्याने दुसऱ्यांच्या चौदा चालींवर आपला सर्वांत सुंदर डाव उभा केला, त्यानेच अखेर त्या चौदा चाली पुसून टाकायला निघावे, यातली व्यथा आम्हांला कळते. आता संगणकाने सुरुवातींची स्मरणे वीस-पंचवीस चालींपर्यंत लांबवली आहेत. त्यामुळे त्याची भीती खरी ठरली असेही म्हणता येईल, आणि त्याने सुचवलेल्या रूपाला अलीकडे मिळणारा प्रतिसाद त्याचाच पुरावा आहे.

वाङ्मयात मात्र ही सोय नाही. भाषा रोज सकाळी नव्या क्रमाने मांडून मिळत नाही. कवीला ती वापरलेलीच मिळते, इतरांच्या हातांचे डाग घेऊन आलेली. वाचकालाही ती तशीच मिळते. 'औदुंबर' हा शब्द उच्चारला की दत्तसंप्रदाय येतो, गाणगापूर येते, आजीची पोथी येते आणि बालकवीही येतात. ही सुरुवात कोणाला टाळता येत नाही. म्हणून आम्हांला वाटते, शिक्षकाने ती मोकळ्या हाताने द्यावी, पण देताना तिच्यावरची नावे पुसू नयेत. हा अर्थ कोणी लावला, केव्हा लावला, त्याला कोणी आक्षेप घेतला, हे सांगितले की विद्यार्थ्याला दिसते, हे माणसांनी केलेले आहे, आणि मग त्यात आपणही काही करू शकतो. गाईडमधला मजकूर निनावी असतो. त्याची खरी हानी तेथे आहे. बुद्धिबळाच्या पुस्तकात फुरमन यांचे नाव असते, गेलर यांचे असते, साल असते. त्यामुळे गेलर त्या चालीशी वाद घालू शकले आणि १९७३ मध्ये तिला उत्तर देऊ शकले.

फिशर १७ जानेवारी २००८ रोजी रेक्याविकमध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी वारला. त्याआधी, २००४ मध्ये, जपानमध्ये तो अटकेत असताना स्पास्कीने अमेरिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून विनंती केली होती की, मलाही त्याच्याच कोठडीत ठेवावे आणि आम्हांला बुद्धिबळाचा एक संच द्यावा. स्पास्कीचे निधन २७ फेब्रुवारी २०२५ रोजी मॉस्कोत झाले. ते पत्र आम्ही जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा वाटते, वाचक म्हणून त्याने त्या सहाव्या डावाला दिलेली दाद रेक्याविकच्या सभागृहात संपलेली नव्हती. बत्तीस वर्षांनंतरही त्याला त्या माणसासमोर बसून, ठाऊक असलेल्या चालींपासून सुरुवात करून, पुढे काय होते ते पाहायचे होते.